मॉन्टसेराटची एका दिवसाची सहल : या चुका टाळा

कॅरिबियनमधल्या अँटिग्वाहून शेजारच्या मॉन्टसेराट या ज्वालामुखीच्या बेटावर जाणाऱ्या विमानात बसण्याआधी सामानाबरोबर माणसांचंही वजन होतं. आमच्या जाऊबाईंनी काट्यावर चढताना विचारलं, "पर्स खाली ठेवू का?" काउंटरवरची मुलगी हसत म्हणाली, "ठेवा की. तिचं वेगळं करते." विमान आठ-नऊ माणसांचं, प्रवास वीस मिनिटांचा आणि पलीकडची धावपट्टी जेमतेम सहाशे मीटर. डोंगरावर ढग उतरले की हा सगळा कारभार थांबतो, हे आम्हाला संध्याकाळी कळलं.

आमची सगळ्यात महागडी चूक इथेच झाली. सुट्टीचे सहा दिवस समुद्रावर लोळून काढले आणि ही सहल ठेवली शेवटच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी अँटिग्वाहून परतीचं विमान होतं. चार वाजता ढग आले, पाच वाजता उड्डाण रद्द झालं आणि आमची रात्र एका गेस्ट हाउसात गेली. सकाळी पोचेपर्यंत मोठं विमान निघून गेलेलं. चौघांची नवी तिकिटं काढताना नवरा काही बोलला नाही, तेच जास्त लागलं. तेव्हा ही सहल सुट्टीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवा. पाठीवरच्या पिशवीत औषधं, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड हवाच. बोटीनं जायचं मनात असेल तर आधी बोट सध्या चालू आहे का ते बघा, ही सेवा मधूनमधून बंद असते. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नसतो.

व्हिसाचंही लगेच सांगते. मॉन्टसेराट ब्रिटनच्या ताब्यातला प्रदेश, अँटिग्वा स्वतंत्र देश. म्हणजे संध्याकाळी परतताना तुम्ही अँटिग्वात दुसऱ्यांदा शिरता. भारतीय पासपोर्ट असेल तर अँटिग्वाचा व्हिसा किती वेळा प्रवेशाचा आहे ते नीट वाचा आणि मॉन्टसेराटसाठी काय लागतं ते वेगळं तपासा. 'एका दिवसाचंच तर आहे' हे कारण खिडकीपलीकडच्या माणसाला पटत नाही.

लाल लाव्हा बघायला जाऊ नका

दिरांनी दुर्बीण आणली होती. त्यांना वाटलं, लाव्हाचा ओघळ दिसेल. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्वालामुखीचाच, हे आपण शाळेपासून ऐकलेलं असतं, त्यामुळे डोक्यात तेच चित्र असतं. पण आपल्याकडचा लाव्हा पातळ होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरत गेला. इथल्या सूफ्रिएर हिल्सचा लाव्हा घट्ट. तो वाहत नाही, तोंडाशीच घुमटासारखा साचतो. घुमट ढासळला की तापलेली राख, वायू आणि दगड यांचा लोंढा उतारावरून सुटतो. त्याच्यापुढे पळून सुटका होत नाही. 18 जुलै 1995 ला हा डोंगर जागा झाला. 25 जून 1997 च्या लोंढ्यात 19 माणसं गेली. शेवटचा मोठा ढासळा 11 फेब्रुवारी 2010 चा. तेव्हापासून वाफा आणि गंधकाचा वास आहे, आतल्या हालचालींवर वेधशाळेची नजर आहे, पण डोळ्यांना दिसतो तो करड्या रंगाचा, बऱ्याचदा ढगात डोकं खुपसून बसलेला डोंगर.

नावाचा घोळ वेगळाच. 'सूफ्रिएर' म्हणजे फ्रेंचमध्ये गंधकाची जागा आणि कॅरिबियनमध्ये अशी नावं जागोजाग आहेत. ग्वाडेलूपला ला सूफ्रिएर, सेंट व्हिन्सेंटला ला सूफ्रिएर, सेंट लुशियात तर त्या नावाचं गावच. 2021 च्या एप्रिलमध्ये उसळला तो सेंट व्हिन्सेंटचा. बातमी वाचून घाबरण्याआधी बेटाचं नाव वाचा. मॉन्टसेराटची आजची स्थिती हवी असेल तर मॉन्टसेराट ज्वालामुखी वेधशाळेचे अहवाल बघा.

प्लिमथला आपल्या मनानं जाता येत नाही

प्लिमथ ही कागदोपत्री अजूनही बेटाची राजधानी आहे, पण ज्वालामुखीच्या राखेत गाडली गेल्यामुळे तिथे राहत कोणीच नाही. सरकारी कचेऱ्या उत्तरेला ब्रेड्सला. बेटाचा साधारण दोन तृतीयांश भाग बंद आहे आणि प्लिमथ त्याच बंद भागात येतं. परवानाधारक गाइड आणि अधिकृत परवानगी असल्याशिवाय तिथे शिरणं हा गुन्हा आहे. पोचल्यावर बघू म्हणून आलेले एक जोडपं आम्हाला विमानतळावर भेटलं. संध्याकाळी पुन्हा भेटले तेव्हा त्यांनी फाटकाचा फोटो दाखवला. गाइड निदान आठवडाभर आधी ठरवा आणि डोंगर किंवा पाऊस आडवा आला तर पैशांचं काय, तेही तेव्हाच विचारून घ्या.

आम्ही चालत होतो ते रस्त्यावरून, असं मला वाटलं. गाइडनं पायाखाली बोट दाखवून सांगितलं की हा दुसरा मजला आहे. शेजारी एका इमारतीची वरची खिडकी गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. आत राखेच्या थरात एक ऑफिसची खुर्ची पाठीपर्यंत रुतलेली. बंदराच्या बाजूनं वाळूचे ट्रक जात होते. ज्या राखेवाळूनं शहर गाडलं तीच आता धक्क्यावरून बाहेरदेशी विकली जाते. हे सगळं चाललेलं असताना सेल्फीसाठी छपरावर चढणारे लोक असतात. छपरं कुजलेली आहेत आणि त्यांतलं एखादं घर तुमच्या गाइडचंच असू शकतं. आमच्या गाइडचं होतं.

इथे चपला चालत नाहीत, बूटच हवेत. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावा, वाऱ्यानं राख उडते. दमा असेल तर मास्क ठेवा.

परवानगी नाहीच मिळाली तर रुसून बसू नका. गॅरिबाल्डी हिलवरून प्लिमथ दिसतं, जॅक बॉय हिलवरून पूर्वेचा उद्ध्वस्त पट्टा आणि जुन्या विमानतळाची जागा. माझं स्पष्ट मत, या टेकड्यांवरूनच आवाका कळतो. खाली गल्लीत उभं राहून कळत नाही.

पावसात बेलहॅम व्हॅलीत गाडी घालणं ही मात्र वेडेपणाची चूक. डोंगरावर पाऊस पडला की राख-चिखलाचा लोंढा खोऱ्यातून खाली येतो, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. इथलं गोल्फचं मैदान असंच गाडलं गेलं. स्थानिक ड्रायव्हर थांबला तर घाई करू नका. एका दिवसासाठी गाडी भाड्यानं घेण्यापेक्षा दिवसभराची टॅक्सी ठरवणं मला बरं वाटतं. रस्ते वळणावळणाचे, पाट्या कमी. गाडी डावीकडून चालवतात, एवढंच आपल्या ओळखीचं.

आमच्या ड्रायव्हरला मी 'रनअवे घाट' म्हटलं आणि तो माझ्याकडे बघतच राहिला. पाटीवरचं स्पेलिंग जुन्या इंग्रजी नकाशांत आपल्या पश्चिम घाटाचं असायचं तसंच आहे, पण उच्चार 'गट', आणि अर्थ डोंगरातून समुद्राकडे उतरणारी ओढ्याची घळ. तिथलं पाणी प्यायलं की माणूस परत येतो म्हणतात. आम्ही चौघांनी प्यायलं.

पैशांत गफलत होते ती डॉलर या शब्दामुळे. इथलं चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, एका अमेरिकन डॉलरला 2.70. अमेरिकन नोटा चालतात, सुटे मात्र पूर्व कॅरिबियन डॉलरमध्ये मिळतात. भाव ठरवताना 'कुठले डॉलर?' हे विचारायला लाजू नका, जेवणानंतर विचारलं तर वाद होतो. कार्डावर विसंबू नका. रविवारी बरंच बंद असतं.

जेवणात 'गोट वॉटर' मिळालं तर सोडू नका. नाव ऐकून मीही नाक मुरडलं होतं. बोकडाचा पातळ रस्सा, लवंगेचा वास असलेला, पावाबरोबर खायचा. आपल्या मटणाच्या रश्श्यापेक्षा तिखट कमी, पण जवळचा नातेवाईक. रोज सगळीकडे मिळेलच असं नाही, ड्रायव्हरला सकाळीच सांगून ठेवा. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी फोन करा, नाहीतर थेपले जिंदाबाद.

17 मार्चच्या आठवड्यात जाणार असाल तर खोल्या, गाड्या, विमानं सगळं महिनोन्महिने आधी भरतं. त्या दिवशी सेंट पॅट्रिक डेची सुट्टी असते. हिरवे कपडे बघून हा नुसता आयरिश सण समजू नका. 1768 मध्ये याच दिवशी गुलामांनी उठाव ठरवला होता, त्याचीही आठवण त्यात आहे.

आणि पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायला विसरू नका. हिरवं तीन पानांचं शॅमरॉक असतं त्यावर. माझ्या पासपोर्टवर ते व्हिसाच्या पानाच्या कोपऱ्यात अर्धंच उमटलंय, कारण अधिकाऱ्याला मी रिकामं पान उघडून दिलं नव्हतं.