इंटेलवर चालतं, आर्मवर लटकतं

नोकरीला लागून आठ महिने झाले होते. खर्च वाचवायचा म्हणून आमचे काही सर्व्हर इंटेलच्या प्रोसेसरवरून आर्म या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर न्यायचं ठरलं. ‘नुसतं रीकम्पाइल करायचं, दोन दिवसांचं काम,’ असं म्हणत ते माझ्या गळ्यात पडलं. कम्पाइल एकही वॉर्निंग न येता झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क फुल्ल.

रात्री चालणारा सी भाषेतला एक छोटा प्रोग्राम फाइलमधला एकेक बाइट वाचून, साफसफाई करून, दुसऱ्या फाइलीत लिहायचा. ती फाइल हेक्सडंपमध्ये, म्हणजे एकेक बाइट सोळाच्या अंकपद्धतीत दाखवणाऱ्या साधनात, उघडली, तर खरा मजकूर संपल्यावर पुढे नुसतं एफएफ एफएफ एफएफ (म्हणजे २५५), गीगाबाइट गीगाबाइटभर. मी आधी डिस्कवर संशय घेतला, मग कर्नलवर. शेवटी ‘कम्पायलरमध्येच बग आहे’ असं सीनिअरला छातीठोकपणे सांगून आलो. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

भानगड एका शब्दात होती. पुढचा बाइट वाचून देणाऱ्या गेटकॅर फंक्शनचं उत्तर कुणीतरी ‘कॅर’ या एका बाइटच्या प्रकारातल्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं. कॅरला चिन्ह असावं की नसावं, हे सी भाषेचं स्टँडर्ड ठरवत नाही. लिनक्सवर इंटेलसाठी तो साइन्ड (उणे आकडेही धरणारा) असतो, आर्मसाठी अनसाइन्ड (शून्यापासून पुढचेच धरणारा). फाइल संपली की गेटकॅरकडून उणे एक येतो. इंटेलवर तो उणे एकच राहतो आणि लूप थांबतो. आर्मवर त्याचे २५५ होतात, आणि २५५ काही उणे एक नव्हे. लूप चालूच. (ॲपलच्या आर्म मॅकवर मात्र कॅर साइन्डच असतो, त्यामुळे ‘माझ्या मॅकवर चालतं’ याला इथे अर्थ नाही.)

गंमत म्हणजे इंटेलवरही तो प्रोग्राम चूकच होता. साइन्ड कॅरमध्ये २५५ चाही उणे एकच होतो, म्हणून फाइलमध्ये २५५ चा बाइट आला असता, तर तिथेच वाचन संपलं असतं. पण आमच्या फाइली यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीतल्या, आणि यूटीएफ-८ मध्ये तो बाइट कधीच येत नाही. चूक वर्षानुवर्षं झाकली गेली ती अशी. कॅरच्या जागी इंट (उणे एक आणि २५५ दोन्ही वेगळे धरणारा मोठा प्रकार) केलं, झालं काम. बदल एका शब्दाचा, कमिट मेसेज सोळा ओळींचा.

नव्याने शिरणाऱ्यांना सांगतो, हा बग बघायला आर्मचं मशीन लागतही नाही. जीसीसी या कम्पायलरला ‘अनसाइन्ड-कॅर’चा फ्लॅग दिला की इंटेलच्या लॅपटॉपवरही लूप लटकतो. जोडीला ‘एक्स्ट्रा’ वॉर्निंग चालू ठेवा. आमच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे कम्पाइलच्या सूचनांच्या फाइलमध्ये, ती नव्हती.

दुसरा बग मात्र असा हातात येईना. एकाच प्रोग्रामचे दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे दोन भाग: एक थ्रेड डेटा लिहून मग ‘तयार’ची खूण करायचा, दुसरा खूण बघून डेटा उचलायचा. इंटेलवर एका कोअरने केलेली लिखाणं इतरांना त्याच क्रमाने दिसतात. आर्म तशी हमी देत नाही. खूण नवी, डेटा जुना, तोही हजारांतून एखाद्या वेळी. खुणेच्या व्हेरिएबलला ‘व्होलाटाइल’ हा सीचा शब्द लावून बघितलं, उपयोग शून्य. खूण ॲटॉमिक (थ्रेडमध्ये वाटून घेण्यासाठीचा प्रकार) केली, लिहिताना रिलीज आणि वाचताना ॲक्वायर, म्हणजे क्रमाची हमी मागणाऱ्या खुणा, वापरल्या, तेव्हा सुटलं.

त्याआधी आठवडाभर मी हा बग माझ्या इंटेलच्या लॅपटॉपवर क्यूएमयूमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, शोधत होतो. तिथे तो एकदाही दिसला नाही. क्यूएमयू सूचना आर्मच्या चालवतो, पण खाली मेमरी सांभाळणारा प्रोसेसर इंटेलचाच. तेव्हापासून टेबलावर एक रास्पबेरी पाय (आर्म प्रोसेसरचा छोटा संगणक) कायम चालू असते, आणि थ्रेडच्या टेस्ट रात्रभर तिच्यावर चालतात.