रक्ताची नळी आणि प्रश्नांची वही

बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करून मी अन्नातलं विष लोकांच्या अंगात किती जातं ते पाहण्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत रक्ताचे नमुने गोळा करायला लागलो, तेव्हा वाटायचं की खरं काम प्रयोगशाळेतल्या यंत्रावर होतं. या कामात नव्याने येणाऱ्यांना आधी हेच सांगेन : अर्धं काम वहीत असतं.

बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृतात बदलतं आणि रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटतं. आम्ही ही चिकटलेली खूण मोजतो. अल्ब्युमिनचं अर्धआयुष्य साधारण २० दिवसांचं, म्हणजे तेवढ्या दिवसांत त्यातलं निम्मं संपतं, त्यामुळे मागचे दोन-तीन महिनेच त्यात दिसतात. हिमोग्लोबिन तांबड्या पेशीबरोबर सुमारे १२० दिवस टिकतं. तंबाखूच्या धुरातल्या रसायनांच्या खुणा तिथे सापडतात. १९९७मध्ये स्वीडनमधल्या एका बोगद्यात अॅक्रिलामाइड हे विषारी रसायन गळलं. कामगारांचं हिमोग्लोबिन तपासताना त्या कामाशी संबंध नसलेल्यांच्या रक्तातही थोडी खूण दिसली, आणि त्या शोधातून २००२मध्ये कळलं की तळलेल्या-भाजलेल्या पिठूळ पदार्थांतही अॅक्रिलामाइड तयार होतं. खाण्याबद्दल विचारायचं ते यासाठी.

आपल्याकडे उन्हाळी भुईमूग मे-जूनमध्ये निघतो आणि पाऊस त्याला गाठतो, मग बुरशी लागते. रक्त घेण्याचं शिबिर डिसेंबरात ठेवलं, तर त्या दाण्यांची खूण बरीचशी पुसलेली असते.

माझ्या पहिल्याच शिबिरात नळ्या बर्फाच्या पिशव्यांना थेट टेकल्या. रक्त बर्फासारखं गोठलं, पेशी फुटल्या, आणि सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवून वेगळा केलेला प्लाझ्मा, म्हणजे एरवी पिवळसर असणारा रक्तातला द्रव, लालभडक निघाला. पुन्हा रक्त मागायला गेलो, तेव्हा निंदणाची एका दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई म्हणाली, "आता नाई देत, बापू." तिचं बरोबर होतं. तेव्हापासून नळ्या आणि बर्फ यांच्यात कापडाची घडी ठेवतो आणि प्लाझ्मा त्याच दिवशी वेगळा करतो.

एका आजींना विचारलं, दाणे कुठले खाता? त्यांनी डबाच उघडला. सुरकुतलेले, काळपट, बारके दाणे. "चांगला माल बाजारात जाते, पिचका घरी. चटणीले चालते." छापील प्रश्नावलीत नुसतं 'शेंगदाणे खाता का?' एवढंच होतं. मी वहीत नवा रकाना आखला : कोणते दाणे?

निकाल सांगायला मात्र घाई करू नका. आजींनी विचारलं, "मले कॅन्सर हाय का?" मी जवळ बसून सांगितलं, आकडा एवढंच सांगतो की विष अंगात किती गेलं, आजार आहे की नाही, ते यातून कळत नाही. भाजून हे विष पुरतं जात नाही, म्हणून काळे-सुरकुतलेले दाणे वेचून टाका.

त्यांनी सूप ओढलं आणि दाणे पसरले. मीही वेचायला बसलो.