पहिल्यांदा इंजिन सुरू केलंत, की हिवाळ्याची तयारी संपली

थंड मुलखात नव्याने राहायला येऊन बोट घेणाऱ्यांची एक समजूत असते: इंजिन फुटतं ते भर हिवाळ्यात. प्रत्यक्षात हिवाळ्यात ते सुरक्षित असतं. आधीच्या मालकाने किंवा मेकॅनिकने त्यातलं पाणी काढलेलं असतं, गुलाबी अँटीफ्रीझ (सहजी न गोठणारा द्रव) भरलेलं असतं, वर कव्हर बांधलेलं असतं. अनेक इंजिनं फुटतात ती बर्फ वितळून लोकांचे हात शिवशिवायला लागल्यावर. एखादा रविवार १५ अंशांचा उजाडतो, बोट ट्रेलरवरच असते, बागेचा नळ आणि पाण्याचे ‘कान’ (इंजिनाच्या पाणी ओढणाऱ्या छिद्रांवर बसणाऱ्या रबरी वाट्या) लावून दहा मिनिटं इंजिन चालवून बघितलं जातं. छान चालतं. सगळे खूश होऊन घरात जातात आणि बुधवारी पहाटे पारा −४ ला उतरतो.

त्या दहा मिनिटांत काय झालं ते नीट समजून घ्या. नळाच्या पाण्याने आधी मॅनिफोल्डमधलं, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या ओतीव नळीतलं, अँटीफ्रीझ बाहेर ढकललं. इंजिन ६०-७० अंशांपर्यंत तापल्यावर थर्मोस्टॅट (तापल्यावर उघडणारी झडप) उघडला आणि ब्लॉकमध्येही, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडातही, साधं पाणी शिरलं. इंजिन बंद केल्यावर ते पाणी आपोआप खाली गळून जात नाही, तिथेच राहतं. म्हणजे हिवाळाभराचं संरक्षण तुम्ही स्वतःच्या हाताने धुऊन टाकलंत. पहिल्यांदा किल्ली फिरवल्यापासून पुढची प्रत्येक थंड रात्र तुमच्या जबाबदारीची.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि बिडाच्या ओतकामाला ताणून घेणं माहीत नाही. ब्लॉकच्या बाजूला जे गोल पत्र्याचे कोअर प्लग असतात, ते बर्फाने बाहेर ढकलले जातात आणि इंजिन वाचतं, असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. कधीकधी तसं होतंही. पण ते प्लग ओतकामाच्या वेळी आतली वाळू काढायला ठेवलेली भोकं बुजवण्यासाठी असतात, गोठण्यापासून वाचवण्यासाठी नव्हे. प्लग जागेवर आणि ब्लॉकला मॅनिफोल्डच्या खाली आडवी चीर, हे दृश्य दुर्मिळ नाही.

आता तुमचं इंजिन कुठल्या प्रकारचं आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन, असेल तर तुम्ही नशीबवान. इंजिन पूर्ण खाली, उभं केलं की त्यातलं पाणी दोन-चार मिनिटांत आपसूक गळून जातं. चूक एवढीच होते की ट्रेलरवर नेताना ते वर उचललेलं असतं आणि घरी आल्यावर तसंच राहतं. मग आत पाणी साचतं, प्रोपेलरच्या मधल्या भोकात पावसाचं पाणी भरतं आणि रात्री गोठतं. घरी पोचलात की आधी इंजिन खाली करा, मग बाकीची कामं. दुसरी गोष्ट गिअरकेसच्या (प्रोपेलरला फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) तेलाची. खालचा स्क्रू किंचित सैल करून दोन थेंब काढा. दुधाळ दिसले तर सील गळतंय आणि आत पाणी आहे. जड असल्यामुळे ते तळाशी बसतं आणि गोठलं की केसिंग फोडतं. अशा वेळी इंजिन उभं ठेवून उपयोग नाही. तेल काढून टाका आणि सील बदलल्याशिवाय बोट उतरवू नका.

बोटीच्या आत बसवलेलं पेट्रोल इंजिन असेल, मग मागे स्टर्नड्राइव्ह (बोटीबाहेरचा, वरखाली होणारा प्रोपेलरचा भाग) असो किंवा सरळ शाफ्ट, आणि ते तळ्याच्या किंवा समुद्राच्या पाण्यानेच थंड होत असेल, तर हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी आहे. व्ही-८ इंजिनाच्या शीतन व्यवस्थेत १५ ते २० लिटर पाणी मावतं आणि ते एका भोकातून निघत नाही.

हीट एक्स्चेंजर (बाहेरच्या पाण्याने आतला द्रव न मिसळता थंड करणारा भाग) असलेल्या इंजिनात, बहुतेक डिझेल इंजिनं अशी असतात, ब्लॉकमध्ये कायम कूलंट असतं. एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर −३५ पर्यंत काळजी नाही. रिफ्रॅक्टोमीटरने (द्रवातलं प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाने) एकदा तपासा; वर्षानुवर्षं नुसतं पाणी घालून ‘टॉप अप’ केलेलं कूलंट निम्मं उरलेलं नसतं. पण हीट एक्स्चेंजरमधून बाहेरचं पाणी जातंच. त्याची दुसरी बाजू, स्ट्रेनर (आत येणारं पाणी गाळणारी जाळी), पंप, एक्झॉस्टचा पाणी मिसळणारा कोपरा आणि पाण्याचा मफलर हे सगळं गोठू शकतं. ‘माझं बंद सर्किट आहे’ म्हणून निवांत झोपणारे इथे सापडतात.

कुठल्या रात्री पाणी काढायचं

हवामानाचा अंदाज ० म्हणतो तेव्हा नाही, २ म्हणतो तेव्हाच. अंदाजातलं तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरचं असतं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर थंड हवा सखल जागी साचते. तुमचा ट्रेलर उतारावर, तळ्याकाठच्या खोलगट जागेत असेल तर तिथे दोन-तीन अंश सहज कमी होतात. ढगाळ रात्रीचे २ अंश आणि चांदण्या रात्रीचे २ अंश एकच समजू नका. कमीत कमी तापमान लक्षात ठेवणारा एक साधा थर्मामीटर बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) टांगून ठेवा. चार-पाच रात्रींत अंदाज आणि तुमची बोट यांच्यातला फरक कळून येतो. तुमच्यासाठी त्यापुढे तोच आकडा खरा.

वाऱ्यामुळे ‘जाणवणारं’ तापमान −६ असेल, पण हवा १ अंशावर असेल, तर इंजिन गोठणार नाही. वाऱ्याने धातू हवेपेक्षा थंड होत नाही. वारा फक्त तो लवकर थंड करतो. तासाभराच्या −१ ने मोठा ब्लॉक सहसा गोठत नाही, त्याच्या लोखंडातच बरीच ऊब असते. आधी जातात ते बारीक भाग: पंप, पॉवर स्टिअरिंगचा कूलर, स्ट्रेनरची प्लॅस्टिकची वाटी, बारीक नळ्या. म्हणून ‘ब्लॉक ठीक आहे’ हा पुरावा नव्हे.

तरंगत असलेली बोट ट्रेलरवरच्या बोटीपेक्षा सुरक्षित असते. गोड्या पाण्यात तिच्याखाली ० ते ४ अंशांचं का होईना पण द्रव पाणी असतं आणि ते तळाला ऊब देत राहतं. ट्रेलरवर चहूबाजूंनी हवा. रात्र थंड असेल आणि बोट उद्या पाण्यात जाणारच असेल, तर आदल्या संध्याकाळी बाहेर काढून चाचणी घेण्यापेक्षा चाचणी उद्या पाण्यातच घ्या. समुद्राचं खारं पाणी −१.९ पर्यंत गोठत नाही, पण नदीच्या मुखाशी, जिथे वर गोडं पाणी तरंगतं, तिथे या आकड्यावर विसंबू नका.

पाणी काढणं

हे काम अर्ध्या तासाचं आहे. हाताशी हवं: तुमच्या प्लगला बसणारा पाना, एक टॉर्च, एक उथळ टब, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वीतभर जाड तार किंवा जुना स्क्रूड्रायव्हर.

ट्रेलरची पुढची बाजू थोडी वर करा, स्टर्नड्राइव्ह पूर्ण खाली सोडा. बोटीच्या तळाचा प्लगही काढून ठेवा, नाहीतर इंजिनातलं पाणी बिल्जमध्ये साचेल. मग ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे प्लग, दोन्ही मॅनिफोल्डचे प्लग, इंजिनासमोरच्या फिरत्या पंपाकडे जाणारा सर्वांत खालचा होज (रबरी नळी), आणि पॉवर स्टिअरिंगच्या कूलरचा प्लग किंवा होज. काही इंजिनांना निळे प्लॅस्टिकचे प्लग असतात, ते हाताने निघतात. काहींना एकाच जागेवरून सगळं सोडण्याची सोय असते. ती असली तरी पहिल्या वर्षी प्रत्येक जागा तपासून बघा.

प्लग काढला आणि पाणी आलंच नाही, तर खूश होऊ नका. ब्लॉकच्या तळाशी गंज, वाळू आणि खपल्या यांचा चिखल बसतो आणि भोक आतून बुजतं. तार आत घाला, फिरवा, ढोसा. आधी काळपट थेंब येईल, मग खपलीचा तुकडा, आणि मग एकदम भुर्रकन लिटरभर पाणी. ज्या भोकातून काहीच आलं नाही तिथे मोठं नुकसान होतं, कारण माणूस म्हणतो, ‘मी प्लग काढला होता.’ चारही मोठ्या भोकांतून पाणी आलं का, हे मोजा. एका मॅनिफोल्डमधून आलं आणि जोडीच्या दुसऱ्यातून नाही, तर दुसरा तुंबलेला आहे.

काढलेले प्लग कुठे ठेवायचे? एका पिशवीत घालून ती पिशवी इग्निशनच्या किल्लीला बांधा. इंजिनाचे प्लग न लावता बोट उतरवली तर पंप तळ्याचं पाणी थेट बिल्जमध्ये फेकत बसतो. तळाचा प्लग राहिला तर पंपाचीही गरज लागत नाही.

एक धोका फक्त तरंगत्या बोटींचा. पाणी आत घेणारा होज पाण्याच्या पातळीखाली असतो. बोट पाण्यात असताना तो सुटा केलात किंवा खालचा प्लग काढलात, तर बाहेरचं पाणी सायफनने आत येऊ लागतं आणि रात्रीतून बोट बसते. आधी सीकॉक (बाहेरचं पाणी आत घेणारी तोटी) बंद करा. सीकॉक नसेल तर होज काढून लगेच त्याला घट्ट बूच मारा आणि तोंड पातळीच्या वर बांधा. बॉल व्हॉल्व्हचा सीकॉक बंद केला की त्याच्या पोटात थोडं पाणी अडकतं. बोट पाण्यात असेतो ते सहसा गोठत नाही, पण ट्रेलरवर चढवली की व्हॉल्व्ह उघडा ठेवा.

अँटीफ्रीझ आणि हीटर

पाणी काढलेलं इंजिन अँटीफ्रीझशिवायही सुरक्षित असतं. हवा गोठत नाही. वसंतातल्या एक-दोन रात्रींसाठी एवढंच पुरे, दरवेळी कॅन रिकामे करायची गरज नाही.

घालणारच असाल तर प्रॉपिलीन ग्लायकॉलचं घ्या. गाडीतलं एथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असतं, कुत्र्यामांजरांचे जीव घेतं. ते एक्झॉस्टमधून तळ्यात सोडू नका. गुलाबी कॅनवरचा −४५ अंशांचा आकडा म्हणजे ‘इथपर्यंत पाइप फुटणार नाही’ असा, ‘इथपर्यंत द्रव राहील’ असा नव्हे. −१० ते −१२ च्या आसपासच त्याचा बर्फाळ रबडा व्हायला लागतो. आत उरलेल्या पाण्यात ते निम्म्याने पातळ झालं तर −५ च्या आसपासच. म्हणून आधी पाणी काढा, मग वरून थर्मोस्टॅटच्या होजमधून थेट ब्लॉकमध्ये ओता. पाण्याच्या कानांतून १० लिटर ओढून घेतलं आणि एक्झॉस्टमधून गुलाबी रंग दिसला की काम झालं असं वाटतं; थर्मोस्टॅट उघडलाच नसेल तर ते सगळं मॅनिफोल्डमधून बाहेर गेलेलं असतं आणि ब्लॉकमध्ये तळ्याचंच पाणी.

धक्क्यावर वीज असेल तर इंजिनच्या खोलीत हीटर ठेवता येतो. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये साठते आणि साध्या घरगुती हीटरची किंवा दिव्याची ठिणगी तिला पुरते. हीटर ठिणगीरोधक, बोटीच्या इंजिनखोलीसाठीच बनवलेला आणि थर्मोस्टॅटचा हवा. आणि वीज जाते तीही नेमकी वादळी, थंड रात्री. ओलसर हवेत सुरक्षा-स्विच ट्रिप होतो, शेजारचा माणूस चुकून प्लग काढतो. दोन रात्री बोटीकडे फिरकणार नसाल तर हीटरवर भिस्त ठेवू नका, पाणी काढा.

जाता जाता बॅटरीही बघा. पूर्ण चार्ज असेल तर तिला इथली थंडी काही करत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी मात्र −७ च्या आसपास गोठते.

सकाळी, किल्ली लावण्याआधी

रात्री पाणी काढायचं राहिलं आणि पहाटे दव पांढरं दिसलं, तर घाईने इंजिन ‘गरम करायला’ सुरू करू नका. पंपात बर्फ असेल तर इम्पेलरची (पंपातल्या फिरत्या चक्राची) रबरी पाती पहिल्याच फेरीत तुटतात आणि त्यांचे तुकडे पुढे कूलरमध्ये जाऊन अडकतात. मग उन्हाळ्यात इंजिन तापतं आणि कारण कुणाला सापडत नाही. दुपारपर्यंत थांबा, बर्फ आपोआप विरघळू द्या.

मग डिपस्टिक काढा. तेल ताकासारखं किंवा दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. स्टार्टर लावूच नका. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असेल तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग सगळे काढून मगच हाताने इंजिन फिरवायचं. तेल स्वच्छ असेल तर टॉर्च घेऊन ब्लॉकच्या दोन्ही बाजू, कोअर प्लग, मॅनिफोल्डची खालची कड आणि स्ट्रेनरची वाटी बघा. केसाएवढी चीर कोरडी असताना दिसत नाही, म्हणून इंजिन चालू करून पहिली दहा मिनिटं झाकण उघडं ठेवा, पंख्याने वाफा बाहेर काढत राहा, बिल्जकडे नजर ठेवा, आणि बंद केल्यावर डिपस्टिक पुन्हा एकदा बघा. तुमच्या विम्याच्या कागदांत गोठण्याचं कलम काय म्हणतं तेही याच आठवड्यात वाचा. अनेक पॉलिसी हे नुकसान धरत नाहीत किंवा पाणी काढल्याचा पुरावा मागतात. प्लगची पिशवी किल्लीला बांधलेली असताना एक फोटो काढून ठेवला तर तारखेसकट राहतो.

सलग दोन आठवडे बिल्जमधला थर्मामीटर ५ च्या खाली गेला नाही, की तार, पाना आणि टब सीटखाली सरकवा. घरात नेऊ नका, पानगळीच्या सुरुवातीला पुन्हा लागतील.