आवाज घोगरा झाला? व्हॉल्व्ह बदलायच्या आधी या चुका टाळा

फोंड्याला आमच्या घरी आजोबांचा ईएल८४ व्हॉल्व्हचा (काचेच्या नळीचा) ॲम्प्लिफायर आहे. एका चवथीच्या आधी तो माळ्यावरून उतरवला. नाट्यगीत लावलं की दहाएक मिनिटांत गायकाचा गळा बसायचा. मी सगळे करतात तीच पहिली चूक केली, महागडा जुना व्हॉल्व्ह मागवला. गळा बसलेलाच.

मग मीटर लावला. कॅथोडच्या (व्हॉल्व्हमधून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाच्या) १३५ ओम रेझिस्टरवर साधारण ७.२ व्होल्ट हवेत, मिळाले ९. म्हणजे ५३ ऐवजी ६७ मिलीअँपिअर प्रवाह. ग्रिडवर (प्रवाहाला आवर घालणारी जाळी, पिन २) डीसी शून्य हवं, तिथे अधिक ३ व्होल्ट! कागदी कपलिंग कपॅसिटर (आवाज पुढे सोडून डीसी अडवणारा) गळत होता. आपल्या पावसात कागद ओल धरणारच. ईएल८४ च्या प्लेटला (इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या पत्र्याला) १२ वॅट झेपतात, बिचारा पंधराएक वॅटवर भाजत होता. ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर घातला, आजोबांचाच मूळचा व्हॉल्व्ह परत बसवला, आणि गाणं मोकळं झालं.

मीटर लावताना एक हात खिशात ठेवा, म्हणजे झटका छातीतून जाणार नाही. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (आतला डीसी सपाट करणारे) ३०० व्होल्ट राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका, १० किलोओम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून तो भार उतरवा आणि मीटरवर खात्री करा. आणि स्पीकर न जोडता ॲम्प्लिफायर चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकरमधला) जळून जातो.

दुसरी चूक घरच्या लाइनकडे न बघण्याची. माझ्याकडे रात्री उशिरा २४५ व्होल्ट दिसतात. मेन्स ट्रान्सफॉर्मर २२० च्या टॅपवर (लाइन जोडायच्या टोकावर) असेल तर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या हीटरला ७ मिळतात. २४० चा टॅप असेल तर तिथे जोडा.

घरघर असेल तर पेटीवर पांढरी पाच धरून बघा. लाइनची घरघर त्याच स्वराच्या किंचित वर, पण खालच्या सप्तकांत बसते. १०० हर्ट्झ असेल तर फिल्टर कपॅसिटर थकलेत. त्याहून एक सप्तक खाली, ५० हर्ट्झ असेल तर हीटरच्या तारा, अर्थिंग किंवा ट्रान्सफॉर्मरची जागा बघा. हीटरच्या तारांना पीळ घाला. मेन्सचा आणि आउटपुटचा, दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकमेकांना काटकोनात ठेवा.

शेवटची चूक हौशी लोकांची: ‘नैसर्गिक आवाज’ म्हणून फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून आत परत देणारी जोडणी) पूर्ण तोडणं. मीही तोडला होता. गायकी गोड वाटली, पण घुमट आरती (घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावरची गोव्याची आरती) लावली तर प्रत्येक थापेचा नाद पुढच्या थापेवर सांडत होता. ईएल८४ सारख्या पेंटोडचा (पाच इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हचा) आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे आतला अडथळा मोठा, त्यामुळे स्पीकरच्या कोनाला लगाम राहत नाही. फीडबॅक परत जोडून त्याचा रेझिस्टर बदलत बदलत मी साधारण ६ डेसिबल फीडबॅकवर थांबलो. (जोडताच किंचाळला तर घाबरू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या (स्पीकरकडच्या बाजूच्या) दोन तारा अदलाबदल करा.) आता शामेळाची (घुमटासोबतच्या तालवाद्याची) काठी आणि घुमटाची थाप वेगवेगळी ऐकू येते, कासाळं (झांजा) मात्र अजून थोडी टोचतात.