पावसाळी भटकंतीत झाडं, अळंब्या, दगडफूल ओळखायचं कसं (फुलाचा फोटो सगळ्यात शेवटी काढा)

पाऊस सुरू झाला की आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर फोटो यायला लागतात, एक गुलाबी फूल, मागचं सगळं ब्लर, आणि खाली "हे काय आहे?" आता काय सांगणार कपाळ, पान दिसत नाही खोड दिसत नाही. मीपण पहिली दोन वर्षं हेच केलं, मोबाईलमध्ये चारेकशे फुलं जमली आणि त्यातली निम्मी आजही बिननावाची पडून आहेत.

तर पहिली गोष्ट, फूल बघून धावायचं नाही. आधी पान बघायचं आणि ते काडीवर कसं लागलंय ते बघायचं, समोरासमोर जोडीने की एक इकडे एक तिकडे. तेरड्याचंच घ्या ना. गौरीला आणतो तो नेहमीचा तेरडा, त्याची पानं लांबट, कडेला करवतीसारखे बारीक दाते आणि एकाआड एक लागलेली. पण सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, गेलात की तशाच गुलाबी फुलांचे गालिचे दिसतात, फुलाला मागे तशीच शेपटी, आपण म्हणतो तेरडाच हा, आणि खाली बसून बघितलं तर पानं अगदी अरुंद आणि समोरासमोर! म्हणजे भाऊबंद आहे, पण जात वेगळी. फुलाच्या फोटोत हे कधीच कळलं नसतं.

तसंच टाकळ्याचं. एका देठावर पर्णिकांच्या (पानाच्या छोट्या भागांच्या) तीन जोड्या, टोकाला गोलसर, आणि संध्याकाळी मिटतात. त्याच्यासारखाच दिसणाऱ्या कासविंद्याला जोड्या जास्त आणि टोकं निमुळती. मोजायला पाच सेकंद लागतात.

मग काडी बोटात हलकेच फिरवून बघा. चौकोनी लागली, पानं समोरासमोर असली आणि पान चुरडल्यावर वास आला तर बहुतेक तुळशीच्या घराण्यातलं काहीतरी आहे, रानतुळस वगैरे. पण ओळखीचं नसेल तर आधी डोळ्यांनी बघा आणि मग हात लावा, कारण खाजकुयलीच्या शेंगेवरची सोनेरी लव एकदा हाताला लागली की पुढचा ट्रेक खाजवण्यातच जातो (अनुभव आहे, शेण लावून घेतलं तेव्हा कुठे बरं वाटलं, का वाटलं ते विचारू नका). चीक येणारं झाड असेल तर तो हात डोळ्याला लावू नका. आणि चाखून बघणं हा प्रकारच नको. कळलावीचं फूल सगळ्यांना माहितीये, लालपिवळं, ज्वाळांसारखं, पण फूल यायच्या आधीही ती ओळखता येते, पानाचं टोक लांब होऊन दोऱ्यासारखं गुंडाळलेलं असतं आणि त्यानेच वेल शेजारच्या झुडपाला धरून वर चढतो. सगळी वनस्पती विषारी, कंद तर जास्तच.

अळंबीच्या बाबतीत मी जरा कडक आहे. वारुळावर उगवते ती खायची अळंबी, गोव्यात रोण ओलमी म्हणतात ती, तिचा देठ जमिनीत मुळासारखा खोल खाली वाळवीच्या घरापर्यंत जातो. हे वाचून लगेच उपटून घरी आणू नका, ज्यांच्या घरात तीन पिढ्या हे चालत आलंय त्यांनाच ते शोभतं. आपण ओळखायचं ते असं: टोपीच्या खाली पडदे आहेत की बारीक भोकं, देठावर कडं आहे का, उगवलीय कशावर, माती, शेण की कुजकं लाकूड. आणि मजा बघायची असेल तर पूर्ण उघडलेली पण अजून न सडलेली एक टोपी घ्या, अर्धा कागद पांढरा अर्धा काळा अशा जोडावर पालथी ठेवा, वर वाटी झाका आणि झोपा. सकाळी बीजाणूंचा (अळंबीच्या बियांसारख्या बारीक पुडीचा) ठसा उमटलेला असतो. सोसायटीच्या लॉनवर मोठ्या पांढऱ्या छत्र्या येतात ना, त्यातल्या एकीचा ठसा चक्क हिरवट येतो आणि ती विषारी असते, वरून मात्र बिचारी एकदम साधी दिसते. नंतर हात धुवा.

दगडफुलाचा अभ्यास तर घरीच होतो. गोड्या मसाल्याच्या डब्यातला एक तुकडा काढा, पाण्यात भिजवा, वरून राखाडी आणि खालून काळा दिसेल. हे झाड नाही, नुसतं शेवाळही नाही, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार आहे तो. बाहेर त्याचे ढोबळ तीन प्रकार बघा: दगडावर रंग उडाल्यासारखे चिकटलेले आणि नखाने न निघणारे, पानासारखे कडा सुटलेले, आणि फांदीवरून दाढीसारखे लोंबणारे. कोरड्यावर थोडं पाणी शिंपडलं की राखाडीचं हिरवट होतं, लहान मुलांना हे जाम आवडतं. खरवडू मात्र नका, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. आणि दगड उलटून बघायची हौस असेल तर सड्यावर ती आवरा, खाली फुरसं (विषारी साप) असू शकतं.

फोटो काढताना आधी अख्खं झाड, मग पान वरून आणि खालून, मग काडी, मग फूल समोरून आणि बाजूने, शेजारी मापाला पेन किंवा नाणं ठेवा. ॲप जे नाव सांगेल ते आधी पानाशी ताडून बघा, कारण ॲपपण आपल्यासारखंच फुलाला भुलतं. गावातल्या मावशींना विचारा, पण गावाचं नावपण लिहून ठेवा, एकच रानभाजी एका गावात फोडशी तर दुसऱ्या गावात कुलू असते.