काजळी घरी आणू नका

अग्निशमन दलातल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी माझा कोट मुद्दाम धुवायचो नाही. कोट जितका काळा तितका जवान मुरलेला, अशी आमची समजूत. वर्दीवरून, म्हणजे आगीच्या बोलावण्यावरून, आलो की तोच कोट खाटेजवळच्या खुंटीला. सकाळी उशीच्या अभ्र्यावर मानेच्या जागी राखाडी डाग उठलेला असायचा आणि मला त्याचं कौतुक वाटायचं!

आता नव्या पोरांना मी आधी धुणं शिकवतो. सोफ्यातला फोम, गालिचा, वायरीवरचं प्लास्टिक जळतं तेव्हा कर्करोगाला कारण ठरणारी रसायनं काजळीला चिकटून आपल्या अंगावर येतात. धुराडी साफ करणाऱ्यांचा कर्करोग काजळीमुळे होतो, हे पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७५ मध्येच मांडलं होतं. आगी विझवण्याचं काम जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोगकारक ठरलेल्यांत, जायला मात्र २०२२ उजाडलं.

पहिली गोष्ट, ज्वाळा गेल्या म्हणून श्वासाचा मास्क उतरवू नका. ढिगारा उपसताना, धुमसणारी गादी उलटताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघतच असतात. नेमके तेव्हाच आम्ही मास्क गळ्यात टाकून गप्पा मारायचो.

बाहेर आलात की मास्क तोंडावर आणि पाठीवरचा हवेचा सिलिंडर चालू ठेवूनच जोडीदारासमोर उभे राहा. त्याच्याकडे बादलीभर साबणाचं पाणी, मऊ ब्रश आणि कमी दाबाचा पाइप हवा. त्याने हेल्मेटपासून सुरू करून खाली यायचं. सिलिंडरच्या पट्ट्यांखाली, काखेत, बाह्यांच्या टोकांना आणि बुटांच्या तळव्यांना जास्त वेळ द्यायचा. घाईत हेच राहतं. नुसत्या कोरड्या ब्रशने भागेल असं वाटतं, पण भागत नाही. २०१७ च्या एका अभ्यासात कोटावरची ही रसायनं कोरड्या ब्रशने सुमारे २३ टक्के कमी झाली, साबण-पाण्याने ८५ टक्के.

मग मास्क काढा आणि मान, जबडा, कानामागचा भाग ओल्या वाइप्सने पुसा. पहिला वाइप काळा येतो, दुसरा तपकिरी. तिसरा घ्यायचा कंटाळा करू नका. हूड, म्हणजे हेल्मेटखाली डोकं-मान झाकणारी कापडी टोपी, दर वर्दीला बदलायचा, कारण कापड पातळ आणि त्याखालची मानेची कातडी नाजूक. कोट-पँट पिशवीत बांधून गाडीच्या मागच्या कप्प्यात टाका, केबिनमध्ये नको. स्टेशनवर पोचलात की चहाआधी अंघोळ.

मशीनमध्ये घालताना अस्तर आणि बाहेरचा थर वेगळे करा, चेन आणि हुक लावून घ्या, पाणी चाळीस अंशांच्या वर नको. ब्लीच आणि सॉफ्टनर वर्ज्य. वाळवायचं सावलीत, उन्हाने हे कापड कमजोर होतं. कडक ऊन दिलं की जंतू मरतात, असं आमचा एक जुना सहकारी ठासून सांगायचा. त्याच्या कोटाचा खांदा पुढे कागदासारखा फाटला.

अडचण एकच. कोट ओला असताना पुन्हा वर्दी आली तर? ओल्या कोटात आत शिरलात तर आतल्या पाण्याची वाफ होऊन अंग भाजतं. म्हणून मागणीपत्र माझ्या हातात आलं की नव्या नोझलच्या आधी मी दुसरा कोट लिहितो, आणि दोन हूड जास्तीचे.