रॅक सर्व्हर की तयार अप्लायन्स? तालुक्याच्या ठिकाणी खरेदी करताना या चुका टाळा

पतसंस्था, जिनिंग-प्रेसिंग किंवा ग्रामीण महाविद्यालय सर्व्हर घ्यायला निघाले की टेबलावर साधारणपणे दोन प्रकारची दरपत्रके येतात. एकात तयार अप्लायन्स असतो, म्हणजे फायरवॉल (इंटरनेटवरून होणारे हल्ले अडवणारी यंत्रणा), साठवण किंवा बॅकअप अशा एका ठरावीक कामासाठी यंत्र आणि सॉफ्टवेअर एकत्र बांधून दिलेली पेटी. दुसऱ्यात मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क आपल्या गरजेप्रमाणे निवडून जोडलेला रॅक सर्व्हर, म्हणजे रॅक नावाच्या लोखंडी चौकटीत बसणारा सर्व्हर असतो. संचालक मंडळ किंमत आणि क्षमतेचे रकाने शेजारी ठेवून निर्णय घेते, आणि पहिली चूक तेथेच होते. बिघाड झाल्यावर आपल्या गावात कोण येईल, किती वेळात येईल आणि कोणता सुटा भाग त्याच्याजवळ असेल, हे त्या रकान्यांत कोठेही लिहिलेले नसते.

‘पुढील कामकाजाच्या दिवशी सेवा’ ही अट पुष्कळदा शहराच्या हद्दीपुरती किंवा सेवा केंद्रापासूनच्या ठरावीक अंतरापुरती असते. नागपूरहून सिरोंच्याला पोचण्यातच दिवस मोडतो, हे विक्रेत्यालाही ठाऊक असते. म्हणून आपला पिनकोड या सेवेत बसतो की नाही, हे दरपत्रकावरच लेखी घ्यावे. अप्लायन्सचा पॉवर सप्लाय गेला तर तो बहुधा त्याच कंपनीकडून यावा लागतो, त्यामुळे या उत्तरावर पुढचे बरेच काही अवलंबून राहते.

जोडून घेतलेल्या सर्व्हरच्या बाबतीत वेगळी चूक घडते. शहरातील डेटा सेंटरकडे पाहून १ यू उंचीचा, म्हणजे जेमतेम ४४ मिलिमीटर जाडीचा सर्व्हर मागवला जातो. तेथे जागेचे भाडे मोजावे लागते, म्हणून ती रचना योग्य ठरते. आपल्याकडे जागेची अशी टंचाई नसते. १ यूमधील ४० मिलिमीटरचे छोटे पंखे फार वेगाने फिरतात, कर्कश आवाज करतात, आणि धूळ किंवा जिनिंगमधील कापसाची तूस अडकली की हवा पुरवू शकत नाहीत. माझ्या मते ग्रामीण भागात ४ यूची पेटीच घ्यावी, कारण तिच्यात १२० मिलिमीटरचे पंखे बसतात आणि बहुतेक पेट्यांत नेहमीच्या संगणकाचा एटीएक्स पॉवर सप्लाय चालतो, जो अमरावती-अकोल्याच्या बाजारातही मिळतो. मागवण्यापूर्वी रॅकची खोली मात्र मोजावी. भिंतीवरचे रॅक बहुधा ६०० मिलिमीटरपर्यंतच खोल असतात, तर पुष्कळ सर्व्हर ७०० मिलिमीटरच्या पुढे जातात.

विदर्भातील उन्हाळा दोन्ही पर्यायांची सारखीच परीक्षा घेतो. बहुतेक सर्व्हर आत शिरणारी हवा ३५ अंशांपर्यंत असेल असे गृहीत धरून बनवलेले असतात, आणि मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे बाहेरचा पारा ४५ च्या पुढे जातो. लाइन गेली की यूपीएसवर सर्व्हर चालू राहतो, पण एसी बंद पडतो, आणि बंद खोली काही मिनिटांतच तापू लागते. म्हणजे बॅटरी जितकी मोठी, तितका हा धोका अधिक. ठरावीक तापमानाला सर्व्हर आपोआप व्यवस्थित बंद होईल अशी जोडणी खरेदीच्या वेळीच मागावी. डेझर्ट कूलरचा झोत सर्व्हरकडे वळवणे तर पूर्णपणे टाळावे, कारण त्या ओल्या हवेने आणि तिच्याबरोबर येणाऱ्या धुळीने बोर्डावर थर बसतो व जोड गंजतात.

सर्व्हर दुपारीच बंद पडत असेल तर विक्रेत्याला दोष देण्यापूर्वी यंत्राची इव्हेंट नोंद उघडून तापमान आणि व्होल्टेज पाहावे. तापमान ठीक असेल तर न्यूट्रल आणि अर्थिंगमधील व्होल्टेज मोजून घ्यावे; ते दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल तर इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग आणि अर्थिंग दोन्ही तपासावे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते, आणि अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून उन्हाळाभर खड्ड्यात नियमित पाणी घालावे. मेमरीची चाचणी त्यानंतर करावी.

अप्लायन्स घेताना परवान्याचे नूतनीकरण विसरले जाते. फायरवॉलची वर्गणी संपली की अनेक यंत्रांत इंटरनेट सुरूच राहते, पण संरक्षणाची अद्यतने थांबतात, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. यासाठी पाच वर्षांची वर्गणी, वीज आणि कंपनी दुरुस्ती आणि अद्यतने देणे थांबवणार ती तारीख एकत्र मांडून पाहावी. सतत ३०० वॅट घेणारा सर्व्हर वर्षाला सुमारे २,६०० युनिट वीज वापरतो, तीत एसीची भर वेगळीच.

सर्वांत महागात पडणारी चूक डिस्कच्या बाबतीत होते. पेटी जळाली तर तिच्यातील डिस्क दुसऱ्या यंत्रात वाचता येतील का, हे विक्रेत्याला आधी विचारावे. जोडलेल्या सर्व्हरमध्ये हार्डवेअर रेड कार्ड (एक डिस्क बिघडली तरी माहिती टिकावी म्हणून अनेक डिस्क एकत्र चालवणारे कार्ड) असेल तर त्याच मॉडेलचे दुसरे कार्ड कपाटात ठेवावे, नाहीतर लिनक्सचे सॉफ्टवेअर रेड वापरावे. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली खातेवही ते सर्व डिस्कवरून तत्काळ पुसून टाकते.

म्हणूनच फायरवॉलसाठी अप्लायन्स आणि सभासदांच्या हिशेबासाठी ४ यूचा जोडलेला सर्व्हर, ही विभागणी मला योग्य वाटते. अट एवढीच, की तो उघडू शकणारा माणूस दोन तासांच्या अंतरावर असावा. तसा कोणी नसेल तर हिशेबासाठीही अप्लायन्सच घ्यावा आणि उरलेला पैसा दुसऱ्या इमारतीतील बॅकअपवर खर्च करावा. अंतिम देयक देण्यापूर्वी त्या बॅकअपमधून एका दिवसाचा हिशेब विक्रेत्याच्या माणसाकडून आपल्यासमोर परत उतरवून घ्यावा.